आगटीचा वाटा

हुरडा भाजायला काय काय लागतं, असं कुणी विचारलं तर आमच्याकडं लोक हसतात. काय लागायचंय? वीतभर खोल खड्डा, पाटीभर गोवऱ्या, एक ओली काठी आणि ताटावरून नुकतीच खुडलेली कणसं. पैसे मोजून आणावं असं त्यात काहीच नाही. ही यादी मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि ती खरीही आहे. फक्त तिच्यात एक गोष्ट राहून जाते. भाजलेलं कणीस चोळायला दोन तळहात लागतात. ते कुणाचे, हे यादीत कधी नसतं. खाणाऱ्यांचं तोंड भरलेलं असतं आणि चोळणाऱ्याला बोलायला सवड नसते, म्हणून तो प्रश्न तसाच राहतो.

शहरातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगायला हवं. आमचं गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं. पाऊस बेताचाच, पण जमीन अशी, की एकदा ओल धरली की ज्वारी थंडीभर त्या ओलीवर उभी राहते. पाऊसकाळ सरताना पेरायची आणि उन्हं तापायला लागली की काढायची. मालदांडी हे इथलं जुनं वाण. मोहोळच्या संशोधन केंद्रावर त्यातूनच निवडलेली मालदांडी ३५-१ पुढं सगळ्या रब्बी पट्ट्यात पसरली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावातली म्हातारी माणसं म्हणाली, "ह्यात नवीन ते काय? भाकरी खाल्ल्यावर कुणालाबी कळतं."

पण मालदांडी भाकरीची. हुरड्यासाठी बांधाकडेला दोन-चार तासं वेगळी पेरायची. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही त्यांची नावं. यांचा दाणा गोड आणि चोळल्यावर फोलपटातून लवकर सुटणारा. आता विद्यापीठांनी खास हुरड्याची वाणं काढली आहेत. राहुरीचं फुले मधुर आहे, परभणीचं परभणी वसंत आहे. वाण कुठलंही असो, वेळ साधली पाहिजे. दाणा नखानं दाबला आणि पांढरं दूध उडालं, तर अजून लवकर आहे. नख नुसतंच रुतलं, दाणा मऊ लोण्यासारखा लागला, तर आज संध्याकाळी आगटी पेटवा. आणखी आठवडाभर थांबलात तर दाण्यातली साखर पिठात जाते, मग त्याची भाकरीच करायची.

आगटीची रीत सोपी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. जागा मोकळी बघायची, वाळलेल्या पाचोळ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब. वारा कुठून येतो ते बघून खाणाऱ्यांना धुराच्या उलट बाजूला बसवायचं. शेजारी एक घागर पाणी ठेवायचं. खड्ड्यात गोवऱ्या उभ्या रचून पेटवायच्या आणि मग नुसतं बसायचं. नवशिका इथंच चुकतो. जाळ दिसला की कणीस आत घालतो. जाळानं कणीस काळं पडतं, आतला दाणा कच्चाच राहतो. धूर संपू द्यायचा, जाळ बसू द्यायचा. गोवरी आतून लाल झाली आणि वर राखेची पांढरी साय धरली, म्हणजे आगटी तयार. मग काठीनं राख बाजूला करून कणसं निखाऱ्यात सारायची, देठ बाहेर ठेवायचे, वरून गरम राख ओढायची. दोन-तीन मिनिटांत तडतड ऐकू येते. देठ धरून कणीस फिरवायचं, पुन्हा थोडं ठेवायचं, काढायचं, काठीवर आपटून राख झाडायची.

आणि मग चोळायचं. कणीस गरम असेपर्यंतच दाणा फोलपट सोडतो. थंड झालं की फोलपट दाण्याला धरून बसतं. म्हणून हाताला सोसवेल एवढं निवायची वाट बघता येत नाही. हात भाजतोय तोवरच काम होतं. हुरड्याच्या साऱ्या कसबातली ही एकच अवघड गोष्ट आहे, आणि कृती सांगणारे ती एका वाक्यात उरकतात: 'मग कणसं चोळून घ्यावीत.'

पुण्यातल्या माझ्या पुतण्यानं दोन वर्षांमागं गच्चीवर भाजायची शेगडी आणली. खोक्यात जाळी होती, लांब दांड्याचा चिमटा होता, सळ्या, जाळी घासायचा तारेचा ब्रश, मांसात खुपसून आतली उष्णता बघायचा काटा आणि कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे. पहिल्याच रविवारी त्याचा फोन आला. "काका, कोंबडी बाहेरून कोळसा झाली आणि आतून कच्ची. कोळसा खराब असेल का?" मी विचारलं, "जाळ बसू दिला होतास का?" तो म्हणाला, "पाहुणे आले होते हो, किती थांबणार!" मी त्याला आगटीचीच रीत सांगितली. कोळशावर राखेची साय येऊ दे. मग सगळे निखारे एका अंगाला ओढ. एक बाजू कडक ठेव, एक मंद. जाड तुकडा कडक बाजूला नुसता रंगवून घे आणि मंद बाजूला झाकून शिजू दे. सारखा उलथापालथा करू नको. कच्च्या मांसाला लावलेला चिमटा शिजलेल्याला लावू नको. आणि पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत नेऊ नको. निखाऱ्याचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो माणूस मारतो. पुढच्या रविवारी कोंबडी जमली.

मला त्या खोक्यातल्या हातमोज्यांचं नवल वाटलं. आमच्या रानात साठ वर्षांत हजारो कणसं चोळली गेली असतील. हातमोजे कधी कुणी आणले नाहीत. ते मिळत नव्हते हे खरं. पण ते हवेत असंही कधी कुणाच्या मनात आलं नाही, कारण ज्यांच्या मनात यायला हवं होतं त्यांचे तळहात भाजत नव्हते.

आमच्याकडं चोळायचं काम सालगड्याचं. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्यापर्यंत. धान्य किती, रोकड किती, एक धोतरजोडी, पायातलं, एक घोंगडी. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. तो आमच्याकडं अठरा सालं होता. त्याचं सालातलं काम नांगरापासून कडब्याची पेंडी बांधण्यापर्यंत सगळं. हुरडा चोळणं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ते कुणी दुसऱ्यानं करावं असंही कधी झालं नाही. त्याच्या तळहातांना घट्टे होते, त्यामुळं त्याला भाजत नाही असा आमचा समज होता. आजी एकदा मला म्हणाली, "भाजत न्हाय कसं? घट्ट्याच्या मधनं भाजतंच की. त्यो बोलत न्हाय एवढंच."

आमचे आजोबा दिलदार माणूस. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं. त्यांचा एक शब्द ठरलेला: "हुरडा विकायचा नसतो, वाटायचा असतो." आगटी पेटली की रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला हाक गेलीच पाहिजे, हा त्यांचा दंडक. गाडीवान असो, पोस्टमन असो, मेंढरं घेऊन चाललेला धनगर असो, "या, दोन घास खाऊन जावा" म्हटल्याशिवाय ते स्वतः दाणा तोंडात टाकत नसत. कुणी किती खाल्लं ते कधी मोजलं नाही. हे मी अभिमानानं सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या रानात आगटी पेटली नाही. ज्वारी हातभर येऊन वाळली. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी गळ्याखाली उतरत नसे. शाळेत सुकडी मिळायची. मामाची बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पुढच्या साली पाऊस झाला आणि त्या थंडीत पहिल्यांदा कणसं भरली. आजोबांनी सोलापूरची, तालुक्याची, पै-पाहुण्यांतली वीसेक माणसं बोलावली. दीड साल उपाशी असलेल्या रानाचा तो पहिला हुरडा होता. प्रत्येक जण दाणा जिभेवर घोळवून खात होता. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, दही, गूळ, सोबत बोरं आणि उसाची कांडकी. आई आणि काकूनं पहाटेपासून चटण्या कुटल्या होत्या आणि पाट्या डोक्यावर घेऊन दोघी रानात आल्या होत्या.

मामा उकिडवा बसून चोळत होता. एक कणीस संपतं न संपतं तोच दुसरं. दाणे टोपलीत पडायचे, तो फुंकर मारून कूस उडवायचा, टोपली पुढं सरकवायचा. आजोबांनी त्या दिवशीही रस्त्यावरून दोन गाडीवान बोलावले आणि त्यांना पाहुण्यांच्या शेजारी बसवलं. बांधावर मामाची पोरगी शेळी घेऊन उभी होती. माझ्याच वयाची. तिला हाक गेली नाही. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही. वाटसरू परका म्हणून त्याला हाक, आणि ती घरचीच. आपल्याकडं 'घरचा' हा शब्द फार मायेचा आहे, पण पंगतीत त्याचा अर्थ एवढाच होतो की तू मागनं बस.

सगळं उरकल्यावर आजीनं सूप भरून हुरडा मामाच्या पदरात टाकला. "पोरांना घेऊन जा." मापानं बघितलं तर एकाही पाहुण्यानं तेवढा खाल्ला नव्हता. कोंबडी-बकऱ्यासारखं उष्टं-खरकटं नव्हतं ते, चांगला निवडलेला हुरडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोपीवर गेलो तेव्हा मामी तो हुरडा तव्यावर परतत होती. रात्रभरात तो चिवट झाला होता. पोरगी चावत चावत मला म्हणाली, "गरम असताना बी असाच लागतो का रं?"

मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. प्रश्न मात्र गेली पन्नास वर्षं आठवतो, आणि मला वाटतं, न्यायाबद्दल एवढा नेमका प्रश्न मी पुढं कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

वाटणीचा आपला सगळा विचार धान्यावरून आलेला आहे. खळ्यावर रास पडायची, पायलीनं मोजायचं, सुताराचं इतकं, कुंभाराचं इतकं, गड्याचं इतकं. भांडण झालं तर मापावरून व्हायचं, कारण धान्य थांबतं. आज दिलेली पायली आणि आठ दिवसांनी दिलेली पायली भाकरीला सारखीच. म्हणून आपण अशी सवय लावून घेतली की वाटा पुरेसा आहे ना, एवढंच बघायचं. आगटीवर हा हिशोब चालत नाही. तिथं दाणा राहतो, पण ज्यासाठी तो भाजला ते निघून जातं. पाहुण्याला मूठभर मिळाला आणि मामाला सूपभर, तरी पाहुण्याला हुरडा मिळाला आणि मामाला हुरड्याचे दाणे मिळाले. विस्तवावरच्या अन्नात वाटा किती हे नंतरचं. आधी बघायचं ते वाटा कधी. आणि ही गोष्ट हुरड्यापुरती नाही. आईनं गरम भाकरी पानात घेऊन खाल्लेली मी क्वचितच पाहिली. तव्यापाशी बसणाऱ्याला सगळ्यात ताजं मिळायला हवं. आपल्या घराघरांत त्याला सगळ्यात गार मिळतं.

इथं कुणी म्हणेल, काम तर कुणाला तरी करावंच लागणार. मामाला साल मिळत होतं. पाहुण्यांनी चोळत बसायचं काय? हा प्रश्न खोटा नाही. वीस माणसं आणि एक आगटी म्हटल्यावर कुणीतरी राखेत बसणारच. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. त्या दिवशी पाहुणचार कोणी केला? रान दादांचं, कणसं दादांची, हाक दादांची. उठताना पाहुण्यांनी हात जोडले ते दादांना. तळहात मामाचे. दुसऱ्याच्या भाजलेल्या हातानं केलेलं दान कुणाच्या खात्यात जमा व्हायचं? आमच्या दादांना कुणी हे विचारलं असतं तर ते रागावले नसते, विचारात पडले असते असं मला वाटतं. त्यांना कुणी विचारलं नाही एवढंच.

आता चित्र बदललं आहे. थंडी पडली की सोलापूर-पुणे रस्त्यावर, नगरच्या बाजूला, संभाजीनगरकडं 'हुरडा पार्टी'च्या पाट्या लागतात. माणशी पैसे, त्यात हुरडा, जेवण, बैलगाडीची चक्कर, पोरांना पतंग. २०२० साली राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून याला एक नाव आणि कागदही मिळाला. गावातली जुनी माणसं हळहळतात. "हुरडा विकायला लागले, आता काय राह्यलं?" शहरात गेलेली माणसं त्यांच्याहून जास्त हळहळतात आणि लेख लिहितात. गेलेल्या दिवसांत सगळं कसं फुकट होतं, माणसं कशी मोठ्या मनाची होती.

ती मोठ्या मनाची होती, हे मी वर सांगितलंच आहे. फुकट मात्र ते कधीच नव्हतं. पाहुण्यांनी पैसे दिले नाहीत, म्हणजे कुणीच काही दिलं नाही असं होत नाही. ती रक्कम कुठंतरी बसत होती. ती मामाच्या तळहातावर बसत होती, आईच्या पहाटेवर बसत होती. आता तीच रक्कम माणशी भावात दिसते आणि तिच्यातून चोळणाऱ्या बाईला रोज मिळतो. दिसणारी किंमत न दिसणाऱ्या किमतीपेक्षा हलकी असते असं मला वाटत नाही. ज्यानं कधी चोळलं नाही त्यानं विक्रीला नावं ठेवू नयेत, असं माझं मत आहे. तसंच हातमोज्यांचं. आता काही जण जाड कापडी मोजे घालून चोळतात, कुणी कणसं पोत्यात घालून काठीनं बडवतात, कुणी दाणे काढायचं यंत्र आणलंय. लगेच लोक म्हणतात, हाताच्या चोळण्याची चव नाही त्याला. असेलही. पण चवीचा निवाडा खाणाऱ्यानं एकट्यानं करू नये. ज्याचा हात वाचतो त्यालाही एक मत असावं.

तरी विक्रीत काही हरवलंच नाही असं म्हणणंही बरोबर नाही. माझ्या चुलतभावानं आमच्याच रानात चार-पाच थंड्यांपासून हुरड्याचं चालवलंय. सुट्टीच्या दिवशी मीही मदतीला जातो. रस्त्यानं माणसं जातात. त्यांना हाक जात नाही. कशी जाणार? ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्या शेजारी न भरलेल्याला बसवलं तर भरलेल्यांना काय वाटेल? भाऊ वाईट माणूस नाही. त्याला ट्रॅक्टरचा हप्ता आहे. लातूर-धाराशिवकडं वेळा अमावस्येला अजूनही सगळं गाव रानात जेवायला जातं, ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो, त्याला कुणी भाव सांगत नाही. वर्षातून एक दिवस का होईना, ती हाक तिथं शिल्लक आहे. आमच्या रानातली गेली. पाहुणा पूर्वी उठताना मनावर थोडं ओझं घेऊन जायचा; कधीतरी दादांनाही आपल्या घरी बोलवायचं असं ठरवून जायचा. आता तो पैसे देतो, हात झटकतो आणि मोकळा होतो. मोकळं होणं ही सोय आहे, नातं नाही.

आणि विक्रीनं मामाच्या पोरीचा प्रश्न सुटलेला नाही. आमच्याकडं चोळायला शेजारच्या वस्तीवरच्या दोन बायका येतात. रोज चांगला मिळतो. पण संध्याकाळी पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर त्या उरलेलं गार झालेलंच खात होत्या. पूर्वी दानात जे होत होतं तेच आता धंद्यातही होत होतं. म्हणजे फुकट की विकत, या भांडणात तो प्रश्न नाहीच. त्याची जागा वेगळी आहे.

मी त्यांतल्या थोरल्या मावशींना म्हणालो, "मावशी, पाहुणे यायच्या आधी पहिली आगटी तुमची. तुम्ही दोघी गरम खा, मग त्यांना वाढू." चांगलं सुचलंय असं मलाच वाटत होतं. मावशी चोळता चोळता थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, पाव्हणं येळंच्या आधीच येत्यात. त्यांनी उभं राहून बघायचं आन् मी बसून खायचं? मला घास गिळायचा न्हाय. तुमच्या मनाचं समाधान व्हईल, माझ्या पोटाचं न्हाय."

मी विचारलं, "मग काय करूया?"

"मला वीस कणसं कच्ची द्या. घरी पोरं हायती, चूल हाय. आमचं आमी भाजून खातो."

त्या एका वाक्यात बरंच होतं. गार वाटा देणारा जसा मालक, तसा गरम वाटा आपल्या हातानं, आपल्या वेळेला, चार लोकांसमोर देणाराही मालकच. मावशींना दोन्ही नको होतं. त्यांना कणीस हवं होतं आणि विस्तव स्वतःचा हवा होता. कधी पेटवायचं, कुणाला आधी द्यायचं, किती भाजायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मामाला आम्ही सूपभर हुरडा दिला, पण ताटावरची वीस कणसं कधी दिली नाहीत. ती दिली असती तर त्याच्या पोरीनं गरम हुरडा आपल्या खोपीसमोर बसून खाल्ला असता. आणि त्यानं ती स्वतः खुडली असती तर त्याला आमच्या गावात चोरी म्हटलं असतं. सूपभर भाजलेलं दिलं तर तो आमचा मोठेपणा, आणि वीस कच्ची कणसं त्यानं घेतली तर ती त्याची चोरी. तोलून बघितलं तर कणसं हलकीच भरली असती. तरी ती द्यायला जड, कारण भाजलेल्याबरोबर आपण उपकारही देतो. कच्च्याबरोबर तो देता येत नाही.

आता आमच्या रानात एक रीत पडली आहे. सकाळी कणसं खुडून आणली की पाहुण्यांची मोजायच्या आधी कामाला आलेल्यांची पाटी वेगळी भरायची आणि तिच्यावर ओलं फडकं टाकून सावलीत ठेवायची. रोज वेगळा, पाटी वेगळी. भावानं सुरुवातीला हिशोब मांडला, मग गप्प बसला. बायका टिकून राहतात हे त्यालाही कळतं. दुसरी रीत पाहुण्यांसाठी. पहिलं कणीस ज्यानं त्यानं आपलं आपण चोळायचं. बहुतेकांना गंमत वाटते. पोरं तर हटूनच बसतात. पहिल्या चटक्याला 'आई गं' होतं, हात झटकले जातात, हसणं होतं, आणि मग मावशींच्या हाताकडं लोक जरा वेगळ्या नजरेनं बघतात. एक गृहस्थ मात्र म्हणाले, "पैसे भरलेत ना आम्ही?" त्यांना कणीस चोळून दिलं. त्यांचंही चूक नाही. पैसे त्यांनी भरलेच होते.

रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची का, हे अजून ठरलेलं नाही. भाऊ म्हणतो, एकाला बोलावलं तर उद्या दहा येतील. मी म्हणतो, दादांच्या वेळी दहा आले होते आणि रान संपलं नव्हतं. तो म्हणतो, दादांना हप्ता नव्हता. दोघंही खरं बोलतोय. प्रत्येक थंडीत हे बोलणं पुन्हा निघतं आणि अर्धवट राहतं.

तुम्ही या थंडीत कुठं विस्तव पेटवणार असाल, रानात किंवा गच्चीवर, तर सामानाची यादी करताना जाळी, चिमटा, कोळसा, काठी यांच्याखाली एक ओळ आणखी लिहा: हात कुणाचे. ते तुमचेच असतील तर उत्तम. मधून मधून कुणाला तरी चिमटा देऊन तुम्हीही गरम घास खा. ते दुसऱ्या कुणाचे असतील, तर विस्तव पेटवायच्या आधी त्यांना विचारा, तुमचा वाटा कसा हवा. भाजून की कच्चा. आणि ते जे सांगतील ते आधी बाजूला काढून ठेवा. जाळ बसायला तसाही वेळ लागतोच.